परत कशाला बोलावते?

रिपोर्ट हातात देताना त्या तरुण डॉक्टर मुलीनं आईकडे बघून सांगितलं, "काकू, कॅन्सर नाहीये हं." आईनं हातातली पिशवी मांडीवरून बाकावर ठेवली. इतका वेळ ती घट्ट धरून बसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग केसपेपरवर लिहिता लिहिता, तितक्याच गोड आवाजात ती मुलगी म्हणाली, "पण दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. त्रास नसला तरी यायचं. चुकवायचं नाही." फाटकाबाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत आई गप्प होती. सिग्नलला रिक्षा थांबली तशी म्हणाली, "नाही म्हणाली ना ती? मग परत कशाला बोलावते?" मी म्हटलं, "त्यांची पद्धत असते." आईला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. पण तो प्रश्न माझ्या मागेच लागला. भाजी निवडताना, मीटिंगमध्ये म्यूटवर असताना, रात्री पाणी प्यायला उठले की आपला तोच.

सुरुवात अगदी साधी होती. जेवताना तोंडात जळजळ. आपल्याकडे याला 'तोंड आलंय' म्हणतात आणि पुढचे उपचार ठरलेले असतात: बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, झोपताना साजूक तूप, ज्येष्ठमधाची कांडी आणि शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाठवलेला जाईचा पाला. आईनं हे सगळं इमानेइतबारे केलं. मग हळूहळू तिच्या ताटातल्या गोष्टी कमी होत गेल्या. आधी लोणच्याची फोड गेली, मग लसणाची चटणी, मग टोमॅटोचं सार. आमच्या घरी हिरव्या मिरचीचा ठेचा तिच्याच हातचा. तव्यावर मिरच्या आणि लसूण तडतडून, वर जाडं मीठ टाकून ती तो खलबत्त्यातच कुटते, मिक्सर लावू देत नाही. तो ती आमच्यासाठी करत राहिली आणि स्वतः ताकभात खात राहिली. 'पोट बरं नाही' असं सांगायची. टूथपेस्टनं दात घासतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा तिनं माझ्या भाच्याची स्ट्रॉबेरीची पेस्ट वापरायला घेतली. बाथरूममध्ये ती गुलाबी ट्यूब तिच्या ब्रशशेजारी दिसली आणि मग सगळं बाहेर पडलं.

डेंटल कॉलेजात डॉक्टरांनी तिचा गाल आरशाच्या दांड्यानं बाजूला ओढला आणि मला बोलावून दाखवला. लाल गालाच्या आत, अगदी मागच्या दाढांच्या पट्ट्यात, पांढऱ्या बारीक रेघांची जाळी पसरली होती, तव्यावरच्या पातळ घावनाला पडते तशी. मधेच एक लालभडक, सोललेला चट्टा. दुसऱ्या गालातही तेच, जवळजवळ जोडीनं. "दोन्हीकडे सारखं आहे हे बरं लक्षण," असं ते म्हणाले. एकाच बाजूला एकुलता एक पांढरा डाग असता तर त्यांनी वेगळा विचार केला असता. मग गॉझच्या तुकड्यात जीभ धरून बाहेर ओढली, कडा पाहिल्या, जिभेखाली पाहिलं, गळ्यावर बोटं फिरवून गाठी चाचपल्या. मला माझ्या आईचं तोंड आतून कसं आहे हे तोवर कधी ठाऊक नव्हतं. तिच्या एका दाढेत चांदी भरलेली आहे, हेही नव्हतं. तेही त्यांनी नीट पाहिलं. चांदी जिथे गालाला घासते नेमका तिथेच चट्टा असेल तर प्रकरण निराळं असू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मागवून घेतली, कारण काही गोळ्यांनीही हुबेहूब असंच तोंड होतं. एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. आत त्यांनी काय विचारलं ते आईनं बऱ्याच दिवसांनी, ओट्याकडे तोंड करून सांगितलं. "खाली पण जळजळ होते का, असं विचारत होत्या." होत होती. वर्षभर होत होती. तिनं ती वयावर ढकलली होती. हा आजार तोंडात असतो तसा तिथेही असू शकतो, आणि तिथला चट्टाही लक्ष ठेवण्याजोगा असतो. दंतवैद्याकडे गेलेल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञाची चिठ्ठी मिळावी, हे तिला अजूनही विचित्र वाटतं.

मग गालातून एक बारीक तुकडा काढला, एक टाका पडला आणि काही दिवसांनी तो रिपोर्ट आला. लायकेन प्लॅनस. डिसप्लेझिया नाही. म्हणजे पेशींची चाल अजून बिघडलेली नाही.

नाव वाचलं आणि मला तिचं मनगट आठवलं. मी कॉलेजात असताना आईच्या दोन्ही मनगटांवर जांभळट, चपटे, चकाकणारे पुटकुळ्यांचे पुंजके उठले होते. खाज इतकी की ती रात्री हिरव्या बांगड्या काढून उशाशी ठेवायची. खाजवलेल्या ओरखड्यावरच नव्या पुटकुळ्यांची सरळ ओळ उठायची, जणू कुणी रेघ मारून लावल्यात. सगळ्यांचं एकच निदान: बांगड्यांचं. काचेच्या सोडून सोन्याच्या घाल, सोन्याच्या सोडून प्लॅस्टिकच्या घाल. वर्ष-दीड वर्षात ते आपोआप बसलं आणि मागे काळपट डाग ठेवून गेलं. ते डाग जायला मात्र फार वेळ लागला, आपल्या कातडीला लागतोच. तो याच आजाराचा कातडीवरचा अवतार होता. लंडनच्या इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये त्याला हे नाव दिलं. हे त्वचारोगांचे डॉक्टर इतके श्रीमंत होते की इजिप्तमधला तो प्रचंड दगडी स्तंभ, क्लिओपात्राची सुई, थेम्सच्या काठी आणण्याचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. त्या पांढऱ्या रेघांना नाव मिळालं ते पॅरिसच्या विकॅम यांचं, १८९५ मध्ये. आईच्या गालातल्या नावांमागे दोन परके पुरुष आहेत हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्यांना म्हणावं, आता तुम्हीच खा ताकभात."

कातडीवरच्या या पुटकुळ्यांचा कॅन्सरशी संबंध जवळजवळ कुणी लावत नाही. नडगीवर वर्षानुवर्षं राहिलेल्या जाडजूड चट्ट्यात क्वचित कधी तसं झालेलं आहे, तेवढंच. प्रश्न आहे तो तोंडातल्या चट्ट्याचा, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९१० मध्ये अलोपो या फ्रेंच डॉक्टरांनी तोंडातल्या लायकेनच्या जागी कॅन्सर झालेला एक रुग्ण नोंदवला आणि तिथून जो वाद सुरू झाला तो अजून चाललेलाच आहे. एक बाजू म्हणते, हा आजार कॅन्सरकडे जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं तोंडाच्या ज्या विकारांकडे डोळा ठेवायला सांगितलंय त्यांच्या यादीत तो आहेही. दुसरी बाजू म्हणते, ज्यांना पुढे कॅन्सर झाला त्यांना मुळात लायकेन नव्हतंच. सुरुवातीपासूनच पेशी बिघडलेला दुसराच चट्टा होता, फक्त तो लायकेनसारखा दिसत होता आणि डॉक्टर फसले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एक प्रकारचा पांढरा चट्टा असा असतो, की तो सुरुवातीला अगदी या जाळीसारखा दिसतो आणि मग हिरड्यांवरून हळूहळू पसरत, जाड होत जातो. म्हणून निदानाच्या कसोट्या पुन्हा पुन्हा कडक केल्या गेल्या. गंमत अशी, की कसोट्या कडक केल्या तरी कॅन्सरचा आकडा शून्यावर आला नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर शंभरात साधारण एक, कुठे त्याहून थोडा जास्त.

आपल्याकडचा एक जुना अभ्यास मला विशेष आवडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे आपण फक्त अणू आणि आकाशगंगा असतील असं समजतो, तिथे दातांवर संशोधन करणारा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे पिंडबोर्ग यांनी साठच्या दशकात देशातल्या खेड्यापाड्यांत घरोघर दंतवैद्य पाठवून लोकांची तोंडं तपासून घेतली. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात लायकेन सापडलेल्या लोकांकडे ते वर्षानुवर्षं परत परत जात राहिले. १९८६ मध्ये छापलेला त्याचा हिशेब असा: ७२२ जण, त्यांतल्या तिघांना कॅन्सर. हजारात चार. तो पेपर मी रात्री उशिरा वाचला आणि मला हलकं वाटलं. मग त्या तिघांचा विचार आला आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. ते तिघं कुणाच्या तरी ओसरीवर आ करून बसले असतील, बॅटरीचा उजेड तोंडात घेऊन.

सकाळी आईला आकडे सांगितले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, चहाचं भांडं विसळलं आणि विचारलं, "शंभरातली ती एक कोण, ते कळतं का?"

नाही कळत. नेमकं इथेच सगळं अडतं. अंदाज बांधायला काही खुणा आहेत. नुसत्या पांढऱ्या जाळीपेक्षा लाल, सोललेला चट्टा जास्त काळजीचा. गालापेक्षा जिभेची कड जास्त काळजीची. तंबाखू, सिगारेट, दारू असेल किंवा यकृताला हेपटायटिस सी ची लागण असेल, तर धोका वाढतो. आईला यातलं लाल चट्टा सोडून काही नाही, पण म्हणून तिला कुणी माफीपत्र लिहून देत नाही. या आजारात शरीराच्या संरक्षक पेशीच गालाच्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरावर चाल करून येतात. थर मरतो, पुन्हा भरून येतो, पुन्हा मरतो, वर्षानुवर्षं. इतक्या वेळा नवी पेशी घडवताना कुठे तरी एखादी बिघडत असावी, असं मानतात. एकदा बिघडली तर ती बाहेरून काय दाखवेल? दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, बोटाला लागणारा कडकपणा, वर आलेली कड, विनाकारण हलायला लागलेला दात. हे पाहायचं तर कुणीतरी तोंडात पाहिलं पाहिजे. आधी पाहिलेलं ज्याला आठवतंय त्यानं पाहिलं तर उत्तम. म्हणून ती मुलगी परत बोलावते. कॅन्सर झाला असेल म्हणून नव्हे. झालाच तर तो वाटाण्याएवढा असताना हाती लागावा, लिंबाएवढा झाल्यावर नको, एवढ्यासाठी. चट्टा पुरता घालवणारं औषध अजून नाही. जी मलमं देतात ती जळजळ आणि सूज उतरवतात. त्यानं पुढचा धोका कमी होतो का, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

मलमांचंही एक छोटंसं नाटक झालंच. स्टेरॉइडचं मलम रोज रात्री गॉझनं गाल कोरडा करून लावायचं, मग अर्धा तास चूळ नाही, पाणी नाही. त्यानं चट्टा उतरला, पण तोंडात बुरशी झाली. तिचं औषध झाल्यावर दुसरं मलम आलं, टॅक्रोलिमस. त्याच्या डबीतला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ कागद मी उलगडून वाचला, आणि त्यात ठळक चौकटीत इशारा: लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आणि त्वचेचा कॅन्सर. कॅन्सरच्या भीतीनं ज्या आजारावर नजर ठेवायची, त्याच्याच औषधाच्या डबीत कॅन्सर! डॉक्टरांनी समजावलं, की अवयव बदललेले रुग्ण हे औषध पोटातून मोठ्या प्रमाणात घेतात, त्यांचा अनुभव पाहून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००६ मध्ये तो इशारा मलमावरही छापायला लावला. म्हणून ते कमीत कमी, आणि आम्ही सांगू तितकेच दिवस लावायचं. आईनं तो कागद घडी घालून देवघराच्या खणात ठेवला. वीजबिलं आणि मुलांच्या पत्रिका ठेवते तिथे.

एव्हाना बातमी नात्यात पसरली होती. मे महिन्यात भोरकडे मावशीकडे गेलो, तर दुपारी मागच्या पडवीत तिनं मला कोपऱ्यात घेतलं. "काय गं, हिच्या तोंडातलं ते पांढरं पुढं कॅन्सरात जातंय म्हणं, खरं हाय का?" विचारताना तिच्या डाव्या तळहातावर काळी पूड होती आणि उजव्या हाताचं बोट खालच्या ओठाच्या आत फिरत होतं. मशेरी. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, तिच्या धुरानं आख्खं घर ठसकायचं, मग हातानं चुरून, फडक्यातून गाळून डबीत भरायची. लहानपणी सुट्टीत आम्ही त्या ठसक्यानं परसात पळायचो. मावशी सकाळी उठल्यावर एकदा लावते, चहानंतर एकदा, भांडी झाली की एकदा. "त्याबिगर परसाकडंच होत न्हाई," हे तिचं म्हणणं तिच्या वयाच्या निम्म्या गावाचं आहे. मी म्हटलं, "मावशी, आईचं सोड. तुझं तोंड दाखव बघू." ती हसली. "मला काय झालंय? माझं कुठं दुखतंय?"

मी मोबाइलचा टॉर्च लावून खालचा ओठ ओढायला लावला. ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, जिथे बोट फिरायचं अगदी तिथे, सुरकुतलेला, करडा-पांढरा पट्टा होता. एकाच बाजूला जास्त. तो काय आहे हे सांगायला मी डॉक्टर नाही, आणि तिथे मी काही बोललेही नाही. पण मला राग आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना. आईला जळजळ होते, म्हणून ती दाखवायला गेली, म्हणून तिचा तुकडा तपासला, म्हणून तिचं नाव रजिस्टरात आहे आणि चुकली तर कॉलेजातून फोन येतो. तिचा धोका शंभरात एकाच्या आसपास. मावशीच्या ओठात दिवसातून किती तरी वेळा तंबाखू बसते, कित्येक वर्षांपासून, आणि तो पट्टा दुखत नाही. तंबाखूचे हे पट्टे बहुधा दुखत नाहीतच, तोंडाचा कॅन्सरही सुरुवातीला फारसा दुखत नाही. मग तिला कोण बोलावणार? भारतात तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडतात. त्यांतले बहुतेक मावशीच्या वाटेनं आलेले असतात, आईच्या वाटेनं आलेले मूठभर. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. मशेरी भाजायला मात्र दुकान लागत नाही, तवा पुरतो.

याच मेहता-पिंडबोर्ग मंडळींनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांचीही तोंडं पाहिली होती. १९७२ मध्ये ते छापून आलं. म्हणजे मावशी लग्न होऊन भोरला आली त्या सुमाराला, आपल्या राज्यातली ही तोंडं कुणीतरी दारोदार जाऊन पाहून, मोजून ठेवली होती. नुसतं पाहण्यानं काय होतं, याचंही उत्तर पुढे केरळातच मिळालं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायती घेऊन एक मोठा प्रयोग झाला. काही पंचायतींत शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंड बघायचे, बाकीच्यांत नेहमीसारखंच. ते डॉक्टर नव्हते, त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत, जिथे तोंडं तपासली तिथे तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी. मला हे वाचून जितका आनंद झाला तितकीच चिडचिड झाली. बॅटरी आणि बाई, इतकंच लागतं, आणि तेवढंही सगळीकडे पोचत नाही.

पोचत नाही असं तरी कसं म्हणू? सरकारी योजनेत तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड तपासणी आहे, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा रकाना आहे आणि तोंडातल्या पांढऱ्या-लाल डागाचाही. मावशीचा फॉर्म भरलेला होता. तंबाखू: नाही. मी विचारलं, "असं का सांगितलंस?" ती खरंच चकित झाली. "मशेरी काय तंबाखू हाय व्हय? दात घासायची ती."

निघायच्या आदल्या संध्याकाळी आशाताई पाणी प्यायला म्हणून आल्या, तेव्हा मी विषय काढला. त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, मावशीचं पान शोधलं. त्यांना सगळं माहीत होतं, गावात कोण काय लावतं ते. पण समोरचं माणूस नाही म्हणालं की त्यांनी तरी काय लिहायचं? मावशी उंबऱ्यात बसून पदरानं वारा घेत होती. "लिही बाई, मशेरी लिही," ती म्हणाली, "पण तंबाखू लिहू नको. सुनांच्या माहेरी कळंल." आशाताई हसल्या, रकान्यात काट मारून बरोबरची खूण केली आणि मावशीला ओठ खाली करायला सांगितला. बघून त्यांचं हसू गेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचे डॉक्टर येतात तो वार त्यांनी सांगितला, चिठ्ठी लिहिली, स्वतः बरोबर येते म्हणाल्या. आई आतून आली आणि तिनं मावशीला दरडावलं, "जायचं. मी सहा-सहा महिन्यांनी जाते, तुला एकदा जायला काय होतंय?" मावशीनं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. पाऊस वेळेवर आला तर चिठ्ठीवरचा आठवडा नेमका भातलावणीत येत होता. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी लावणीच्या आधीचा मंगळवार ठरला, बाजाराला जायचंच आहे म्हणून.